बुलेटचा दिवा

दिल्लीचं धुकं ज्यानं पाहिलेलं नाही त्याला ते सांगून कळत नाही. महाबळेश्वरचं धुकं वेगळं. तिथे ते डोंगरावरून उतरतं, गालाला गार हात लावून जातं, आणि लोक पैसे खर्च करून ते पाहायला जातात. दिल्लीचं धुकं डिसेंबरच्या अखेरीस यमुनेच्या पात्रातून वर येतं, त्यात धूर आणि धूळ मिसळते, आणि मग समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकीसुद्धा दिसेनाशी होते. आगगाड्या आठ-आठ तास उशिरा येतात, विमानं जमिनीवर खिळून राहतात. अशा रात्री दुचाकीवरून घरी निघालेल्या माणसाचा सगळा भरवसा पुढच्या दिव्यावर. आणि दुचाकी जुनी असली, तर हा भरवसा बेताचाच.

मयूर विहारात राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांकडे १९७४ सालची बुलेट आहे. मद्रासच्या कारखान्यात तयार झालेली, साडेतीनशे सीसीची, उजव्या पायाला गिअर आणि डाव्या पायाला ब्रेक असलेली. गृहस्थ मूळचे साताऱ्याकडचे. १९७२ साली डाक-तार खात्याच्या टेलिफोन विभागात चिकटले आणि थेट दिल्लीला आले. करोलबागेत दोघांत मिळून एक खोली, गल्लीच्या टोकाला पंजाबी ढाबा, गणपतीच्या दिवसांत पहाडगंजात मराठी मंडळींचा मेळावा, असे ते दिवस. बुलेट त्यांनी १९८१ मध्ये जुनी म्हणून घेतली. पुढे लग्न झालं, मुलगी झाली. मुलीला पहिल्यांदा शाळेत सोडलं ते बुलेटच्या टाकीवर बसवूनच. १९८६ मध्ये दिल्लीचे टेलिफोन महानगर टेलिफोन निगमकडे गेले, गृहस्थही गेले, आणि २०१० साली निवृत्त झाले. बुलेटला मात्र निवृत्ती मिळाली नाही.

जुन्या बुलेटची वीज सहा व्होल्टची. तो दिवा म्हणजे देवघरातल्या समईचा थोरला भाऊ. नव्वदच्या दशकात करोलबागेतल्या नाईवाला गल्लीत नेऊन या बुलेटची वीज बारा व्होल्टची करून घेतली होती. बॅटरी बदलली, चार्जिंगचं यंत्र बदललं, बल्ब बदलले, हॉर्न बदलला. हे सगळं झालं की माणसाला वाटतं, आता सारं नवं झालं. पण एक गोष्ट कुणी बदलली नव्हती आणि ती बदलायची असते हे कुणी सांगितलंही नव्हतं. बॅटरीपासून दिव्यापर्यंत जाणाऱ्या तारा आणि मधली बटणं १९७४ सालचीच राहिली.

जानेवारी २०१३ मधल्या एका रात्री नोएडाहून परतताना लिंक रोडवर एक सायकलवाला अचानक पुढ्यात उगवला. त्याच्या सायकलला मागे ना दिवा, ना लाल काच. अंगावर काळं घोंगडं. गृहस्थांना तो दिसला तेव्हा अंतर उरलं होतं दोन-तीन हातांचं. ब्रेक दाबला, मागचं चाक सरकलं, बुलेट आडवी झाली. सायकलवाला वळून दोन शिव्या देऊन धुक्यात नाहीसा झाला. गृहस्थांचा गुडघा सोलवटला, फूटरेस्ट वाकला, इतकंच. घरी येऊन त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी वाकलेला फूटरेस्ट मुलीनं पाहिला आणि दुपारपर्यंत आईलाही कळलं.

"अहो, चाळीस वर्षांची होत आली ती गाडी. देऊन टाका कुणाला तरी," बायको म्हणाली. चिडून नाही, घाबरून. साठी उलटलेल्या नवऱ्याबद्दल अशी भीती वाटणं काही जगावेगळं नाही.

मुलगी तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला होती. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला तो दिसला का नाही, ते आधी बघू."

दिवा अंधुक झाला की आपल्याकडे पहिलं औषध ठरलेलं असतं, मोठा बल्ब. वर्षभरापूर्वी गल्लीतल्या एका मिस्त्रीनं तेच सुचवलं होतं. "बाऊजी, सौ वॉट का डाल दो, दिन निकल आएगा." आणि खरंच आठ दिवस उजेड पडला. नवव्या दिवशी हेडलाइटच्या घमेल्यातून करपल्याचा वास आला. आत पाहिलं तर बटणाचं प्लॅस्टिक मऊ झालेलं. तेव्हा तो बल्ब काढून पुन्हा साधा साठ-पंचावन्न वॉटचा लावला, उजेड पुन्हा मावळला, आणि गाडी म्हातारी झाली म्हणायचं, असा निकाल लागला.

हा निकाल चुकीचा होता. पण दिल्लीतल्या हजारो जुन्या गाड्यांवर तो रोज लागत असतो, म्हणून त्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी.

जुन्या चाळीत गच्चीवर टाकी असते. टाकी भरलेली असली तरी खालच्या स्वयंपाकघरातल्या नळाला करंगळीएवढी धार येते. का? तर मधला लोखंडी पाइप आतून गंजानं आणि क्षारानं भरलेला असतो. नळ मोठा बसवून धार वाढत नाही. विजेचंही तसंच. बॅटरी ही टाकी, बल्ब हा नळ. बुलेटमध्ये वीज बॅटरीतून निघते, वर हँडलपाशी अँमीटरमध्ये जाते, तिथून दिव्याच्या बटणात, बटणातून हँडलवरच्या डिपरमध्ये आणि तिथून परत फिरून बल्बात. प्रत्येक जोडावर चाळीस वर्षांचा गंज, प्रत्येक तारेत आतून काळवंडलेलं तांबं. साठ वॉटच्या बल्बाला बारा व्होल्टवर पाच अँपिअर वीज लागते. एवढी वीज या चिंचोळ्या वाटेनं जाऊ लागली की वाटेतच तिची दमछाक होते. थोडी वीज तारा तापवण्यात जाते, थोडी बटण तापवण्यात. शंभर वॉटचा बल्ब लावला की आठ अँपिअरहून जास्त लागतात, म्हणजे वाटेतली नासाडी आणखी वाढते. करपल्याचा वास त्याचाच.

मुलीनं मल्टिमीटर आणला. इंजिन बंद ठेवून दिवा लावला आणि बॅटरीच्या टोकांवर मोजलं. १२.२ व्होल्ट. मग बल्बाच्या टोकांवर मोजलं. १०.४. पावणेदोन व्होल्टहून जास्त वाटेतच गडप. बापलेक दोघंही त्या आकड्याकडे पाहत राहिले. पावणेदोन म्हणजे काही फार नाही, असं आपल्याला वाटेल. पण बल्बाच्या तारेचा स्वभाव विचित्र. व्होल्ट थोडे कमी झाले की उजेड बराच कमी होतो, कारण तार पुरेशी पांढरी तापत नाही, पिवळी-तांबडी राहते. पंधरा टक्के व्होल्ट कमी झाले तर उजेड चाळीस टक्क्यांच्या आसपास घटतो. बल्ब शाबूत, बॅटरी शाबूत, आणि तरी जवळजवळ निम्मा उजेड रस्त्यावर पडतच नव्हता.

"याला रिले हवा," मुलगी म्हणाली.

गृहस्थ हसले, पण ते हसू ओशाळं होतं. कारण ज्या माणसाची उमर रिलेंमध्ये गेली त्याला हे मुलीनं सांगावं लागलं. करोलबागेजवळच्या ज्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी नोकरीची पहिली वर्षं काढली, ते जुन्या स्ट्रोजर पद्धतीचं होतं. भिंतीच्या भिंती रिलेंच्या. शहरातल्या कुणी कुठेही नंबर फिरवला की इथे टकटक सुरू व्हायची. सकाळी अकराच्या सुमारास त्या खोलीत शिरलं की पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज यायचा. त्या रिलेंची टोकं घासून साफ करणं, चिकटलेला रिले कानानं ओळखणं, हे त्यांचं काम. पुढे डिजिटल एक्स्चेंज आली, ती खोली रिकामी झाली, रिले भंगारात गेले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

रिले म्हणजे काय, हे एका वाक्यात सांगता येतं. थोड्या विजेनं मोठ्या विजेचं दार उघडणारी कळ. काडेपेटीहून लहान काळी डबी असते. आत तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं. त्यातून पाव अँपिअरहूनही कमी वीज गेली की त्याचं लोहचुंबक होतं, ते एक पट्टी खाली ओढतं, टक् असा आवाज होतो, आणि दुसऱ्या बाजूची जाड वाट जोडली जाते. मग हँडलवरच्या म्हाताऱ्या बटणानं फक्त हाक मारायची. भरलेली बादली उचलून न्यायचं काम तरण्या तारेचं. बटणातून पाच अँपिअर जायचे ते आता पाव अँपिअरसुद्धा जात नाहीत. ते तापत नाही, झिजत नाही, आणि पुढची दहा-वीस वर्षं हाक मारत राहू शकतं.

रिलेचा शोध मोटारींसाठी लागलेला नाही. तो तारायंत्राच्या काळातला, १८३०च्या दशकातला. लांबच्या तारेतून येताना वीज क्षीण व्हायची, तेव्हा वाटेत तिच्याकडून नुसती खूण घ्यायची आणि पुढचा संदेश ताज्या बॅटरीनं पाठवायचा, ही कल्पना. आपल्याकडच्या डाकचौकीवर थकलेला हरकारा थैली खाली ठेवायचा आणि ताजा हरकारा ती उचलून पळायचा, तेच हे. इंग्रजीत रिले हा शब्दही मूळ अशाच ताज्या दमाच्या जनावरांच्या बदलीवरून आलेला आहे.

एका शनिवारी बापलेक मेट्रोनं काश्मीरी गेटला गेले. मोटारींच्या सुट्या भागांचा हा बाजार देशातल्या सर्वांत मोठ्या बाजारांपैकी एक. गल्ल्याच्या गल्ल्या नुसत्या बेअरिंगच्या, नुसत्या काचांच्या, नुसत्या विजेच्या सामानाच्या. दुकानदाराला काय हवं ते नेमकं सांगता आलं नाही तर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो, आणि नेमकं सांगता आलं तर बसायला स्टूल देतो. मुलीनं यादी वाचली. बारा व्होल्टचे चार पायांचे रिले दोन, त्यांची खोबणं दोन, पंधरा अँपिअरचा फ्यूज डबीसकट, अडीच मिलिमीटरची लाल आणि काळी तार, चिनी मातीचं बल्ब-होल्डर, आणि काळी नळी, जी तापवली की आक्रसून जोडावर घट्ट बसते. दुकानदारानं आधी वडिलांकडे पाहिलं, मग मुलीकडे, आणि स्टूल मुलीला दिलं.

बाजारापासून पायी पाच-दहा मिनिटांवर, लोथियन रोडच्या वाहतुकीच्या मधोमध एक दगडी स्तंभ उभा आहे. त्याच्याकडे मान वळवून पाहणारा माणूस शंभरात एक. १९०२ साली उभारलेलं हे तारेचं स्मारक. ११ मे १८५७ च्या दिवशी मेरठहून शिपाई दिल्लीत शिरले, तेव्हा इथल्या तार कचेरीतल्या दोघा पोरसवदा कर्मचाऱ्यांनी ती खबर अंबाल्याला तारेनं कळवली, आणि तिथून ती पंजाबभर गेली. स्मारक अर्थातच इंग्रजांनी आपल्या बाजूनं बांधलेलं, तेव्हा त्याच्यापुढे हात जोडायची गरज नाही. पण डाक-तार खात्यात उमेदवारी केलेल्या माणसाला तिथे दोन मिनिटं थांबावंसं वाटलं तर नवल नाही. त्याच वर्षी, जुलै २०१३ मध्ये, भारतातली तारसेवा कायमची बंद झाली.

काम रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये सुरू झालं. पहिली गोष्ट, बॅटरीची तार सोडवणं. हे न करता जुन्या गाडीच्या विजेला हात घालणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या कपाळी एकदा तरी ठिणगी असतेच. दुसरी गोष्ट, बॅटरीचं कोणतं टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेलं आहे ते पाहणं. जुन्या इंग्रजी घाटणीच्या कित्येक गाड्यांत आजच्या उलट, अधिकचं टोक सांगाड्याला असे. या बुलेटमध्ये नव्वदच्या दशकातल्या बदलात ते उणं झालेलं होतं. तिसरी गोष्ट फ्यूज. जुन्या वायरिंगमध्ये सगळ्या विजेला मिळून एकच फ्यूज होता, आणि तो उघडल्यावर आत निघाली सिगारेटच्या पाकिटातली चांदी. रस्त्यात कधी फ्यूज उडाला असेल, कुणा मिस्त्रीनं चांदी गुंडाळून गाडी चालू करून दिली असेल, आणि मग ती तशीच राहिली असेल. किती वर्षं, कुणास ठाऊक. टाकीत दहा-बारा लिटर पेट्रोल, त्याच्याखालून जाणारी तार, आणि राखणीला ही चांदी! बायको वरून चहा घेऊन आली तेव्हा बापलेकांनी ती चांदी झटकन खिशात घातली.

त्यानंतर दोघांत वाद झाला, आणि तो ऐकण्यासारखा होता.

मुलीनं वहीत काढलेल्या आकृतीत रिलेला लागणारी जाड तार थेट बॅटरीवरून आली होती. सगळी पुस्तकं तेच सांगतात, आणि ते बरोबरही आहे. वाट जितकी सरळ तितकी नासाडी कमी. वडील म्हणाले, "मग अँमीटरचं काय?"

बुलेटवाल्यांचं आणि त्या अँमीटरचं नातं इतरांना समजायचं नाही. हेडलाइटच्या वर बसवलेली ही रुपयाएवढी तबकडी. गाडी चालू करताना आधी काटा बघायचा. किक हलके हलके दाबत काटा मध्यावर आला की थांबायचं, मग डीकॉम्प्रेसर ओढायचा, आणि मग खणखणीत किक. चालवताना रात्री दिवा लागला की काटा उण्याकडे झुकतो, वेग घेतला की मध्यावर येतो. बॅटरीतून वीज जास्त जाते आहे की परत भरते आहे, हे त्या काट्यावरून कळतं. दिव्याची वीज बॅटरीवरून परस्पर घेतली तर ती अँमीटरच्या नजरेआड जाईल. बॅटरी रिकामी होत असतानासुद्धा काटा अधिकाकडे झुकलेला दिसेल.

"तो काटा खोटं बोलता कामा नये," वडील म्हणाले.

"बाबा, उजेड हवाय की काटा?"

"दोन्ही."

अर्धा तास गेला. शेवटी तोडगा निघाला तो असा. बॅटरीपासून अँमीटरपर्यंतची जुनी तार, जी दोन्ही टोकांना स्क्रूनं जोडलेली होती, ती काढून तिच्या जागी नवी जाड तार टाकायची आणि तिच्यावर बॅटरीपाशीच पंधरा अँपिअरचा खराखुरा फ्यूज बसवायचा. दोन्ही रिलेंना वीज द्यायची ती अँमीटरच्या पलीकडच्या टोकावरून. एक जोड वाढला, पण काटा इमानदार राहिला.

बाकीचं काम सरळ होतं. रिलेच्या चार पायांवर आकडे कोरलेले असतात, जर्मन मापदंडातले. ३० म्हणजे वीज येते तो पाय, ८७ म्हणजे दिव्याकडे जाते तो, ८५ आणि ८६ म्हणजे वेटोळ्याची दोन टोकं. जगात कुठलीही गाडी घ्या, हे आकडे बहुधा तेच. एक रिले अप्परसाठी, दुसरा डिपरसाठी. जुन्या बल्ब-होल्डरमध्ये आधी बल्ब बसायचा, त्यात आता बल्बऐवजी दोन बारीक तारा खोचल्या, त्या गेल्या दोन्ही रिलेंच्या ८६ वर. दोन्ही ८५ सांगाड्याला. दोन्ही ३० अँमीटरकडून आलेल्या जाड तारेला. ८७ मधून निघालेल्या तारा नव्या होल्डरमध्ये, आणि होल्डरची परतीची काळी तार थेट बॅटरीच्या उण्या टोकाला. परतीची वाट गंजलेल्या सांगाड्यावर सोडून देणं ही नेहमीची चूक. जाताना नवा रस्ता आणि येताना पुन्हा तोच खड्डा, याला अर्थ नाही. सगळं सामान हेडलाइटच्या घमेल्यात मावलं, पण काच बसवताना एक तार सारखी चिमटीत येत होती आणि तिच्यासाठी तीनदा सगळं उघडावं लागलं.

मुलीनं एक गोष्ट मात्र हट्टानं पाळली. गाडीची एकही जुनी तार तिनं कापली नाही. काढलेली तार गुंडाळून पिशवीत ठेवली, बाकी सगळं खोचून बसवलेलं. उद्या कुणाला वाटलं, तर ही सगळी नवी व्यवस्था पंधरा मिनिटांत निघून गाडी होती तशी व्हावी.

संध्याकाळी बॅटरी जोडली. गृहस्थांनी बटण फिरवलं. घमेल्यात टक् झालं. डिपर दाबला, पुन्हा टक्. त्यांनी तो चारपाच वेळा दाबला. मुलगी मल्टिमीटर लावून बसली होती. बल्बाच्या टोकांवर ११.८. पार्किंगच्या पलीकडच्या भिंतीवर पांढरा डाग पडला होता, आणि त्यात भिंतीवरचं "येथे वाहन लावू नये" वगैरे सगळं लख्ख वाचता येत होतं.

कुणी विचारील, एवढा खटाटोप कशाला, आता एलईडीचा बल्ब मिळतो. मिळतो, आणि वीजही कमी खातो. पण जुन्या दिव्याचा वाटीसारखा आरसा हा तापलेल्या तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. त्यात भलतंच काहीतरी खोचलं की उजेड रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त. रात्री दिल्लीत गाडी चालवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

त्यानंतर दोन हिवाळे बुलेट धुक्यात नीट चालली. नोव्हेंबर २०१४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं पंधरा वर्षांहून जुन्या गाड्यांना दिल्लीच्या रस्त्यांवर मज्जाव केला. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांबाबत तोच आदेश साऱ्या राजधानी परिसरासाठी उचलून धरला. नोएडा, गुडगाव, फरिदाबाद, सगळं त्यात आलं. दिल्लीला हे नवं नाही. महायुद्धानंतर लष्करानं काढून टाकलेल्या हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींना मागे बाकडी जोडून बनवलेल्या फटफट्या कनॉट प्लेस ते चांदनी चौक धावायच्या, त्याही १९९८ च्या सुमारास प्रदूषणापायीच रस्त्यावरून गेल्या. फटफट्यांसाठी हळहळणारे आजही भेटतात. पण ज्यांच्या घरात नेब्युलायझर कपाटातून बाहेरच असतो, अशी कुटुंबंही दिल्लीत थोडी नाहीत. वर्षाला तीस किलोमीटर चालणाऱ्या बुलेटनं हवा बिघडत नाही हे खरं, पण कायदा प्रत्येक गाडीला थांबवून तिची वार्षिक वाटचाल विचारू शकत नाही, हेही खरं. पुढे जुलै २०२५ मध्ये अशा गाड्यांना पेट्रोल न देण्याचा हुकूम निघाला आणि दोन-तीन दिवसांत मागे पडला. ऑगस्टमध्ये न्यायालयानं कारवाईला रोखलं आणि डिसेंबरमध्ये बीएस-४ च्या आधीच्या गाड्यांचं ते संरक्षण काढून घेतलं. १९७४ च्या बुलेटला या कशातच आसरा नव्हता.

ती पार्किंगच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी राहिली. दर रविवारी ताडपत्री निघायची, किक बसायची, दिवा लागायचा. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली. एकदा फोनवर तिनं विचारलं, "बाबा, फिरवतच नाही, तर दिवा कशाला लावता?" ते म्हणाले, "रिलेची टोकं चिकटतात नाही वापरली तर." एक्स्चेंजमध्ये शिकलेलं उत्तर होतं, आणि ते खोटं नव्हतं.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं पुरातन गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ स्वरूपात असेल तर तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी पाटी मिळू शकते. नोंदणीचे वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नोंदणीला पाच हजार. बुलेटची पन्नाशी २०२४ मध्ये भरली.

घरात पुन्हा चर्चा झाली. वीस हजार ही रक्कम निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरात सहज उचलून देण्यासारखी नाही. शिवाय ही पाटी लागली तरी गाडी रोज बाहेर काढता येत नाही. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची मिरवणूक, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच मुभा. "म्हणजे पैसे भरून ती इथेच उभी राहणार," बायको म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "पेट्रोल भरायला मात्र जाता येईल ना?"

"येईल."

"मग अंधार पडायच्या आत जा आणि या."

अर्जाची तयारी सुरू झाली. जुनं नोंदणीपुस्तक निघालं, विम्याचे कागद निघाले. नियमात एक ओळ अशी की गाडीच्या सांगाड्यात, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरबदल केलेला नसावा. गृहस्थ त्या ओळीपाशी दोन दिवस अडले. रिले म्हणजे फेरबदल का? नियम विजेच्या तारांबद्दल काही म्हणत नाही. सांगाडा तोच, इंजिन तेच. तरीही त्यांनी पुण्याला फोन लावला. मुलगी म्हणाली, "बाबा, हत्यारांच्या डब्यात बघा. आकृती ठेवली आहे मी."

डब्यात, पान्याखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत ती होती. कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर निळ्या पेनानं काढलेली. शेजारी जुन्या तारेचं वेटोळं. खाली तारीख, आणि तिच्या खाली तीन ओळी : रिले २, फ्यूज १५, जुनी तार कापलेली नाही. गृहस्थांनी तिची झेरॉक्स काढून फाइलमध्ये लावली. अर्जाच्या यादीत असा काही कागद मागितलेला नव्हता.